आठ पियानोंची कुळकथा



वसंत व्याख्यानमालेत संगीतावर बोलायला एखादे गवई यावेत, नाहीतर संगीताचे प्राध्यापक यावेत, असा आपला परिपाठ. माझे दिवस कामगारांच्या संघटना बांधण्यात गेले. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा स्वरशास्त्रातला अधिकार मजपाशी नाही. परंतु वाद्य ही कारखान्यात तयार होणारी वस्तू आहे, आणि ते वाजवणारा हा पोटासाठी राबणारा माणूस आहे. या दोहोंशी माझा जन्माचा संबंध आहे, आणि त्याच बाजूने आज एका लहानशा प्रश्नाचा विचार करावा असे योजले आहे.

प्रश्न असा. हल्ली वाद्यवृंदांत, लग्नसमारंभांत, नाटकांच्या प्रयोगांत व्यासपीठावर जो कीबोर्ड दिसतो, त्याच्या पोटात पियानो एक नसतो, अनेक असतात. १९९१ साली वाद्ये बनवणाऱ्या जपानी आणि अमेरिकी कारखानदारांनी मिळून १२८ आवाजांची एक सामाईक यादी ठरवली. त्या यादीतले पहिले आठ आवाज पियानोच्या घराण्यातले आहेत. ग्रँड पियानो, ब्राइट पियानो, इलेक्ट्रिक ग्रँड, हाँकी-टाँक, इलेक्ट्रिक पियानो पहिला, इलेक्ट्रिक पियानो दुसरा, हार्प्सिकॉर्ड आणि क्लॅव्हिनेट. वाजवणारा तरुण एक कळ दाबतो, आवाज पालटतो, आणि त्याला कोडे पडते की कोणत्या गाण्याला यातला कोणता पियानो घ्यावा?

बहुतेक जण कानाला गोड लागेल तो घेतात. कान हे प्रमाण आहेच. ते मी नाकारीत नाही. पण घरी एकट्याने ऐकताना गोड लागलेला आवाज ढोलकी, गिटार आणि गायक यांच्या गर्दीत कोठे नाहीसा होतो ते कळत नाही, हाही अनेकांचा अनुभव आहे. माझे म्हणणे एवढेच, की ही आठ नावे म्हणजे रंगाच्या दुकानातले आठ डबे नव्हेत. यातला प्रत्येक आवाज कोणत्या तरी खोलीसाठी, कोणत्या तरी अडचणीतून वाट काढताना, कोणाच्या तरी हातांनी घडलेला आहे. ती खोली आणि ती अडचण समजली, की निवडीचे निम्मे काम होते. ती समजली नाही, तर निवड फसते. आणि ज्यांनी तो आवाज घडवला त्यांच्यावर नकळत अन्यायही होतो. हे कसे, ते क्रमाने पाहू.

आरंभ यादीतल्या सातव्या नावापासून केला पाहिजे, कारण हार्प्सिकॉर्ड हा घराण्यातला वडीलधारा. पट्टी दाबली की पक्ष्याच्या पिसाच्या देठाची एक लहानशी नखी तार छेडते, अशी याची रचना. आपल्या सतारीतही तार नखीनेच छेडली जाते; पण सतारियाचे बोट नखी जोरात किंवा हळू मारू शकते. हार्प्सिकॉर्डमध्ये पट्टी हळू दाबा की जोरात, तार छेडली जाते ती जवळपास सारखीच. म्हणजे स्पष्टता भरपूर, पण बोटाच्या दाबाने आवाज लहानमोठा करण्याची सोय नाही. राजवाड्यातल्या दालनात, मोजक्या श्रोत्यांसमोर, चार व्हायोलिनांच्या सोबतीला हे वाद्य शोभून दिसे. बाखच्या काळातल्या युरोपीय संगीताला आजही तोच आवाज योग्य. कीबोर्डवर तो निवडला, तर बोटांच्या जोराने आवाज बदलण्याची व्यवस्था बंद ठेवावी, म्हणजे वाद्य आपल्या स्वभावाला जागते.

ही उणीव दूर केली बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या एका कारागिराने. तो मूळचा पादुआचा. १६८८ च्या सुमारास तो फ्लॉरेन्सला मेदिची घराण्यातील राजपुत्र फर्दिनांदो याच्या पदरी राहिला. १७०० सालच्या दरबारी वाद्यांच्या नोंदवहीत त्याच्या नव्या वाद्याचा उल्लेख आहे, आणि त्याचे वैशिष्ट्य म्हणून हे हळू आणि मोठ्याने वाजते असे लिहिले आहे. त्याने नखी काढून टाकली आणि हातोडी आणली. हातोडी तारेवर आपटून लगेच मागे यावी, तारेला चिकटून तिचा आवाज मारू नये, हे खरे कठीण काम. ते त्याने साधले. त्याच्या हातचे तीन पियानो आज शिल्लक आहेत, १७२०, १७२२ आणि १७२६ सालचे. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात असलेल्या १७२० च्या पियानोला ५४ पट्ट्या आहेत. आजच्या पियानोला ८८ असतात.

५४ पासून ८८ पर्यंतची वाट ही केवळ संगीताची वाट नाही. मोझार्टच्या काळातला व्हिएन्नाचा पियानो हलका होता, त्याच्या हातोड्या लहान, कातडे लावलेल्या, चौकट लाकडाची. पुढे दरबार मागे पडले. तिकीट काढून शेकडो माणसे सभागृहात बसू लागली, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू गेले पाहिजे अशी गरज उभी राहिली. लंडनच्या ब्रॉडवुड कारखान्याने भारी बांध्याचे पियानो काढले. त्यांपैकी एक १८१७ साली बेथोव्हेनला भेट म्हणून पाठवला. पॅरिसच्या एरार्डने १८२१ साली अशी रचना सिद्ध केली, की पट्टी पुरती वर न येताच तोच स्वर पुन्हा झपाट्याने वाजवता यावा. १८२५ साली बॉस्टनच्या बॅबकॉकने अखंड ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पापने हातोडीवर कातड्याऐवजी लोकरीचा नमदा बसवला. लोखंड आले म्हणून तारा जाड आणि ताठ करता आल्या. आजच्या मोठ्या पियानोत सगळ्या तारांचा मिळून ताण सुमारे २० टन असतो. लाकडी चौकट एवढ्या ताणाखाली टिकली नसती. ग्रँड पियानो हा असा ओतीव लोखंडाच्या भट्टीतून निघालेला आवाज आहे.

या आवाजाचा जो नमुना आज जगभर मानला जातो, तो बराचसा न्यूयॉर्कच्या स्टाइनवे कारखान्यात ठरला. जर्मनीतून १८५० साली आलेल्या एका सुतार कुटुंबाने १८५३ मध्ये हा कारखाना काढला, आणि १८५९ साली ग्रँड पियानोत तारा एकमेकींवरून तिरक्या नेण्याचे पेटंट घेतले. हे सगळे संगीताच्या पुस्तकात सापडते. सहसा सापडत नाही ते असे, की आठ तासांच्या दिवसासाठी न्यूयॉर्कमध्ये १८७२ साली जो मोठा संप झाला, त्यात पियानोचे कामगार होते, आणि स्टाइनवेचेही होते. मालकाने शहराबाहेर अॅस्टोरिया येथे जमीन घेऊन कारखाना आणि कामगारांची वस्ती उभारली. शहरातल्या समाजवादी चळवळीपासून आपली माणसे दूर ठेवावीत हा त्यात एक हेतू होता, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. त्या काळच्या पट्ट्यांवरचे हस्तिदंत झांझिबारच्या बंदरातून अमेरिकेत येई, आणि पूर्व आफ्रिकेच्या आतल्या मुलखातून ते बंदरापर्यंत माणसांच्या खांद्यांवरून आणले जाई. त्यांतले कित्येक गुलाम होते. ग्रँड पियानोची कळ दाबताना हे आठवून कोणी वाजवणे सोडावे असे मी म्हणत नाही. पण ज्याला आपण उच्च अभिरुचीचा आवाज म्हणतो, त्याच्या आत किती हात आहेत, हे माहीत असलेले बरे.

व्यवहारात या आवाजाचा उपयोग कसा करावा? ग्रँड पियानो हा मोठ्या सभागृहात एकट्याने बोलण्यासाठी घडलेला आहे. त्याचा खर्ज भारदस्त, त्याची आस लांब. म्हणून एकल वादनाला, पाश्चात्त्य अभिजात संगीताला, किंवा गायक आणि पियानो अशा दोघांच्याच मैफलीला तो घ्यावा. पण सोबत बेस गिटार असेल तर त्याचा खर्ज आणि बेसचा खर्ज एकमेकांवर चढतात आणि नुसता घुमारा उरतो. अशा वेळी डावा हात आवरावा, किंवा आवाजाचा खालचा भाग कमी करावा.

येथेच दुसऱ्या क्रमांकाच्या ब्राइट पियानोचे प्रयोजन कळते. हे कोणत्या एका वाद्याचे नाव नाही; हा एक गुण आहे. पियानो जुना होतो तसा हातोडीवरचा नमदा तारांच्या आघाताने दबून कडक होतो आणि आवाज लखलखीत, टोकदार होत जातो. मग कारागीर बारीक सुया घेऊन तो नमदा टोचतो, सैल करतो, आणि आवाज पुन्हा मऊ होतो. अमुक हातोडीला सुई किती टोचायची हे कानावर आणि बोटांवर अवलंबून. पुस्तकात त्याचे माप नाही. रॉक संगीतात तबल्याच्या दसपट आवाजाचे ढोल, झांजा आणि विजेच्या गिटारी असतात. त्या कोलाहलातून पियानोला डोके वर काढायचे तर मऊपणा उपयोगाचा नाही; तेथे लखलखीतच लागतो. घरी ऐकताना हाच आवाज कर्कश वाटतो, म्हणून पुष्कळ जण त्याला वाईट ठरवतात. तो वाईट नाही. तो गर्दीत बोलण्यासाठी आहे. बाजारात हाक मारणाऱ्या माणसाने हलक्या सुरात बोलावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही.

आता हाँकी-टाँक. हा शब्द अमेरिकेतल्या स्वस्त दारूगुत्त्यांशी जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत उभ्या ठेवणीचे स्वस्त पियानो घरोघर पोचले होते. १९०९ या एका वर्षात तेथे साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले. पियानोत एका स्वराला बहुधा तीन तारा असतात. त्या तिन्ही तंतोतंत जुळल्या तर स्वर एकसंध. एखादी किंचित उतरली तर स्वर डुलायला लागतो. गुत्त्यातल्या पियानोला ऊन, दमटपणा, सांडलेली दारू सगळे सोसावे लागे, आणि सूर लावणाऱ्याला पैसे द्यायला मालक तयार नसे. तेव्हा तो डुलणारा, पत्र्यासारखा आवाज ही कोणा कलावंताची कल्पना नव्हे. तो न केलेल्या दुरुस्तीचा आवाज आहे. आज कीबोर्डवर तोच आवाज दोन स्वर मुद्दाम किंचित विसंवादी ठेवून तयार करतात.

या पियानोंवर कृष्णवर्णीय वादकांनी रॅगटाइम नावाचे संगीत वाढवले. त्यांतला अग्रणी स्कॉट जोप्लिन. त्याची ‘मेपल लीफ रॅग’ ही रचना १८९९ साली छापली गेली. आता कीबोर्डवाले बहुधा काय करतात? जोप्लिन म्हटला की हाँकी-टाँकची कळ दाबतात आणि शक्य तितक्या वेगाने वाजवतात. पण जोप्लिन आपले संगीत गंभीरपणे घेणारा माणूस होता. १९०८ साली त्याने रॅगटाइम शिकवणारे एक लहान पुस्तक काढले आणि त्यात घाई करू नका असे बजावले. १९११ साली स्वतःच्या खर्चाने त्याने एक संपूर्ण संगीतनाटक छापले. त्याला चांगला सुरेल पियानो नको होता असे कोणी म्हणू शकेल काय? गुत्त्यात वाजवावे लागले ही त्याच्या समाजावर लादलेली परिस्थिती होती. ती परिस्थिती म्हणजेच त्याचे संगीत असे समजणे हा अन्याय आहे. प्रहसन असेल, दारूगुत्त्याचा देखावा असेल, तर हाँकी-टाँक खुशाल घ्यावा. जोप्लिनचा मान ठेवून त्याची रचना वाजवायची असेल, तर ग्रँड घ्यावा आणि सावकाश वाजवावे. मघाशी मी अन्याय हा शब्द वापरला, तो या अर्थाने.

यानंतर विजेचे युग येते. येथेही अडचण कामगाराचीच होती. वादकाला गावोगाव हिंडायचे आणि पियानो तर खांद्यावर घेता येत नाही. जेथे जावे तेथला पियानो वाजवायचा, मग तो बिघडलेला असो की अर्धा मुका. १९५० च्या दशकाच्या मध्यावर वुर्लिट्झर कंपनीने जो इलेक्ट्रिक पियानो बाजारात आणला, त्यात तारा नव्हत्या. पोलादाच्या लहान पट्ट्यांवर हातोड्या पडत आणि त्यांचे कंपन विजेने मोठे केले जाई. आपल्या पेटीतही सुरांच्या पट्ट्याच असतात. फरक एवढा, की पेटीत त्या भात्याच्या हवेने थरथरतात आणि येथे हातोडीच्या घावाने. हळू वाजवले तर हा आवाज गोड. जोरात वाजवला तर तो गुरगुरतो. रे चार्ल्स हा अंध गायक आपला इलेक्ट्रिक पियानो सोबत घेऊन दौरे करी, कारण ठिकठिकाणच्या पियानोंवर त्याचा भरवसा नव्हता. १९५९ साली त्याचे ‘व्हॉट’ड आय से’ हे गाणे त्याच पियानोवर मुद्रित झाले, आणि थट्टेचा विषय असलेले वाद्य एकदम मान्यता पावले. यादीत वुर्लिट्झरचे नाव नाही, परंतु आजच्या चांगल्या स्टेज कीबोर्डवर त्याचा आवाज वेगळा दिलेला असतो. ब्लूज, सोल, आणि ज्या गाण्यात शब्दाला खरखरीत धार हवी त्या गाण्याला तो घ्यावा.

यादीतला इलेक्ट्रिक पियानो पहिला म्हणजे बहुधा र्‍होड्सचा आवाज, आणि त्याची जन्मकथा तर विलक्षण आहे. हॅरल्ड र्‍होड्स हा पियानोचा शिक्षक. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या हवाई दलात होता. इस्पितळात पडून असलेल्या जखमी सैनिकांना पियानो शिकवावा असे ठरले. अंथरुणावरच्या माणसापुढे पियानो कसा आणायचा? त्याने बी-१७ जातीच्या बाँबर विमानांच्या सामानातील अॅल्युमिनियमच्या नळ्या घेतल्या आणि मांडीवर ठेवता येईल असा २९ पट्ट्यांचा छोटा पियानो बनवला. पुढे नळ्यांची जागा पोलादाच्या बारीक काडीने घेतली. हातोडी काडीवर पडते, काडीला जोडलेला धातूचा दांडा तिच्यासोबत घुमतो, आणि समोरचा चुंबक ते कंपन विजेत उतरवतो. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण जो स्वरकाटा ठोकून पाहतो, त्याचीच ही जात. १९६५ पासून ७३ पट्ट्यांचा र्‍होड्स बाजारात येऊ लागला. १९६९ मध्ये माइल्स डेव्हिसच्या ‘इन अ सायलेंट वे’ या ध्वनिमुद्रिकेत चिक कोरिया, हर्बी हँकॉक आणि जो झाविनुल असे तिघे वादक एकाच वेळी विजेच्या वाद्यांवर बसले होते. घंटेसारखा गोल आणि मऊ असा हा आवाज. आघात कमी, आस भरपूर. म्हणून जॅझच्या नव्या वळणाला, सावकाश प्रेमगीताला, गायकाच्या शब्दांखाली पसरून राहायला याच्यासारखा दुसरा नाही. ज्या माणसांना उठून बसता येत नव्हते त्यांच्यासाठी हे वाद्य सुरू झाले, आणि त्या आवाजात अजूनही कोणाला दचकवण्याचा गुण नाही. हा माझा भावनेचा मुद्दा समजा. पण कानाने पडताळून पाहा.

क्लॅव्हिनेट हा जर्मनीतल्या होनर कंपनीचा. माउथ ऑर्गनमुळे हे नाव आपल्याकडेही परिचित आहे. एर्न्स्ट झाखारियास याने १९६० च्या दशकात तो घडवला. पट्टीखालचा रबराचा तुकडा तारेला धातूच्या ऐरणीवर दाबतो, आणि बोट उचलताच लोकरीच्या धाग्याने तार मुकी होते. घरगुती वापराचे, जुन्या युरोपीय संगीतासाठी असलेले हे वाद्य. स्टीव्ही वाँडरने १९७२ साली ‘सुपरस्टिशन’ या गाण्यात ते जवळजवळ तालवाद्यासारखे वाजवले, आणि तेव्हापासून फंक नावाच्या ठेकेदार संगीतात त्याची जागा पक्की झाली. क्लॅव्हिनेटवर लांबलांब स्वरमेळ धरून बसू नये. स्वर तोडावेत, दोन हातांत लय वाटून घ्यावी. इलेक्ट्रिक ग्रँड हा १९७० च्या दशकातला यामाहाचा सीपी-७० आणि त्यानंतरचा सीपी-८०. यात खऱ्या तारा आणि खऱ्या हातोड्या. मात्र मोठा ध्वनिफलक नाही, त्याऐवजी तारांचे कंपन थेट विजेत घेतले जाई. वाद्याचे दोन भाग करून ते मालमोटारीत चढवता येत असे. हमालांना विचारून हे वाद्य आखले असावे असे वाटते, जरी दोन भाग करूनही ते जडच होते. रॉक संगीताच्या मोठ्या मैदानी कार्यक्रमांचा हा आवाज. त्यात लाकडाची ऊब कमी आणि तारेची झणझण जास्त.

राहिला इलेक्ट्रिक पियानो दुसरा. यात हातोडी नाही, तार नाही, काडीही नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग याला १९६७ साली असे आढळले, की एका स्वराने दुसऱ्या स्वराची उंची अतिशय वेगाने हलवली, तर त्यातून घंटा, पितळ, लाकूड अशा नाना पदार्थांचे ध्वनी निघतात. यामाहाने या तत्त्वाच्या वापराचा परवाना घेतला आणि १९८३ साली डीएक्स-७ हा कीबोर्ड काढला. त्यातला काचेसारखा स्वच्छ इलेक्ट्रिक पियानो त्या दशकातल्या असंख्य प्रेमगीतांत ऐकू येतो. त्याच वर्षी निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी जोडणारी मिडी ही भाषा ठरली. १९८४ साली कुर्झ्वाइलचा के-२५० आला. स्टीव्ही वाँडरशी झालेल्या बोलण्यातून त्याची प्रेरणा मिळालेली होती. खऱ्या पियानोचे स्वर मुद्रित करून ते पट्ट्यांखाली बसवायचे, ही आजची सर्वमान्य रीत त्याने रूढ केली. आज एकेका स्वराची हलक्या, मध्यम, जोरदार आघाताची निरनिराळी मुद्रिते घेतात आणि बोटाच्या वेगाप्रमाणे योग्य ते वाजते.

येथवर आलो, की माझ्या व्यवसायातला प्रश्न टाळता येत नाही. आठ वाद्ये एका फळीत मावली, तर आठ वादकांचे काय झाले?

हा प्रश्न नवा नाही. बोलपट आले आणि मूकपटांच्या थिएटरांत वाजवणारे हजारो वादक घरी बसले. ध्वनिमुद्रिका नभोवाणीवर वाजू लागल्या, आणि वादकाने एकदा वाजवलेले त्याच्याच पोटावर येऊ लागले. अमेरिकेच्या वादक संघटनेचा अध्यक्ष जेम्स पेट्रिलो याने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. देश युद्धात असताना संप, म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला झोडपले. बड्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत अडून बसल्या. अखेर प्रत्येक ध्वनिमुद्रिकेमागे काही रक्कम एका निधीत देण्याचे त्यांनी मान्य केले. पुढे कायदा आडवा आला; १९४८ साली पुन्हा बहिष्कार झाला, आणि स्वतंत्र विश्वस्त निधी उभा राहिला. त्या निधीतून वादकांना मजुरी देऊन लोकांसाठी विनामूल्य कार्यक्रम होऊ लागले. उलट, १९८२ साली ब्रिटनच्या वादक संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि तालयंत्रे यांच्यावर बंदीच घालावी असा ठराव केला. तो टिकला नाही, टिकणारही नव्हता. या दोन घटनांतला फरक मी आमच्या अभ्यासवर्गात आवर्जून सांगतो. यंत्र अडवता येत नाही. यंत्राने वाचवलेल्या पैशात वाटा मागता येतो.

मुंबईत हेच घडले, फक्त निधी उभा राहिला नाही. हिंदी चित्रपटाच्या एका गाण्यासाठी एकेकाळी मोठा वाद्यवृंद एकत्र बसत असे. त्यात गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलेखन शिकून आलेले व्हायोलिनवादक आणि ट्रंपेटवादक पुष्कळ होते. १९८० नंतर कीबोर्ड आणि तुकड्यातुकड्यांनी होणारे मुद्रण आले, आणि त्या बैठका हळूहळू मोडल्या. अँथनी गोन्साल्विस हे नाव १९७७ च्या एका चित्रपटगीतामुळे मुलांनाही पाठ झाले. पण ते मजोर्डे गावच्या एका थोर व्हायोलिनवादकाचे आणि वाद्यवृंदरचनाकाराचे नाव आहे, आणि संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या या गुरूचे स्मरण म्हणून ते गाण्यात येऊ दिले, हे किती जणांना ठाऊक आहे? कीबोर्डच्या कळांवरच्या नावांचीही हीच गत आहे. नाव राहते आणि माणूस पुसला जातो.

तेव्हा कीबोर्ड वाजवणाऱ्या तरुण मित्रांना माझे सांगणे थोडक्यात असे. आवाज निवडण्यापूर्वी तीन गोष्टी विचारात घ्याव्यात. पहिली, जागा कोणती. सभागृह आधीच घुमत असेल, तर कीबोर्डमधला प्रतिध्वनी काढून टाकावा. लहान गावात ध्वनिक्षेपकाला बहुधा एकच वाट असते. कीबोर्डच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन वाटा एकत्र केल्या की कित्येक ग्रँड पियानो पोकळ ऐकू येतात. कारण दोन मुद्रितांतली कंपने एकमेकांना खोडतात. म्हणून आवाजाची पारख कार्यक्रमाच्याच ध्वनिक्षेपकावर करावी, कानात श्रवणयंत्रे घालून नव्हे. दुसरी, सोबत कोण. बेस असेल तर खर्ज सोडावा, गिटार असेल तर मधला भाग मोकळा ठेवावा. आणि आपला गायक मींड घेत असेल तर पियानोने त्याच्या मागे धावू नये. ठरावीक पट्ट्यांच्या वाद्याला मधल्या श्रुती दाखवता येत नाहीत, याच कारणासाठी १९४० साली आकाशवाणीने पेटीला बंदी केली होती, आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. पियानोने आधाराचे दोनतीन स्वर ठेवावेत आणि वाट द्यावी. तिसरी, हा आवाज जन्मला कशासाठी. एकट्याने बोलण्यासाठी, गर्दीत हाक देण्यासाठी, ठेका धरण्यासाठी, की आजाऱ्याच्या उशाशी वाजण्यासाठी?

आणि आपण जे श्रोते आहोत, कार्यक्रम ठरवणारे आहोत, त्यांच्यासाठी चौथी गोष्ट. एका कीबोर्डवाल्याने आठ जणांचे काम केले म्हणून आपले पैसे वाचतात. मंडळाच्या हिशेबात ती बचत दिसते. त्या बचतीतला काही भाग त्या एकट्या वादकाच्या बिदागीत घालावा, आणि वर्षातून निदान एका कार्यक्रमाला आपल्याच गावातले व्हायोलिनवाले, बासरीवाले, क्लॅरिओनेटवाले बोलवावेत. त्यांची बिदागी आधी ठरवावी, लेखी ठरवावी, आणि कार्यक्रम संपताच हातात द्यावी. एवढे या शहरातल्या मंडळांनी पुढच्या गणेशोत्सवापासून सुरू केले, तर आजच्या सायंकाळी आपण मला दिलेला वेळ सार्थकी लागला असे मी समजेन.